हवेचा गुणक

शालनने द्रावणाच्या कुप्या पाण्याच्या टाकीत उतरवल्या, कोबाल्ट यंत्राचं तोंड त्यांच्यावर नेमकं आणलं आणि जाड दार ओढून ती बाहेर आली. रविवार असल्याने रुग्ण नव्हते. विभागप्रमुख डॉक्टर हिंदुराव घोरपडे मात्र हाताची घडी घालून उभे होते. लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त होऊन ते जयपूरच्या या इस्पितळात आले होते. किरण किती मिनिटं द्यायचे, हे त्यांनी बसवलेल्या गणितावर ठरे. त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

"कोंडिबाचा घसा सोलवटला, म्हणून माझं गणित चुकलं?"

"एकट्या कोंडिबांचा नाही, सर. घशाचे सगळेच रुग्ण उपचार अर्धवट सोडताहेत."

शालन रेल्वेवाल्यांची मुलगी, जयपुरातच वाढलेली. भौतिकशास्त्रज्ञ म्हणून ती गेल्या वर्षीच इथे रुजू झाली होती.

"आपलं मीटर रॉन्टजेन मोजतं. मतलब, किरणांनी हवेत काय केलं ते. त्यावरून रॅड, म्हणजे शरीराने किती शोषलं ते, काढताना आपण हवेचाच गुणक लावलाय. पण शरीर पाण्यासारखं असतं, सर. ते हवेपेक्षा जास्त शोषतं. म्हणून मिनिटं जास्त निघतात. आपण दोनशे रॅड सांगतो आणि दोनशे अठरा देतो."

"आणि या कुप्या?"

"यांत जवळजवळ पाणीच आहे, थोडा लोहाचा क्षार. जेवढं शोषलं जाईल, तेवढा क्षार बदलेल. मध्ये हवा नाहीच."

शालनला पार्वतीबाई आठवल्या, कोंडिबाची बायको. काल त्या म्हणाल्या होत्या, "बाई, यांना पाणी गिळवंना. गावाकडं नेते. मरायचंच तर आपल्या माणसांत." उपचार अर्धवट राहिले तर गाठ पुन्हा वाढणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सोमवारी विद्यापीठाच्या रसायन विभागातून कुप्या तपासून शालन आकडा घेऊन आली. पाण्याने तिचंच म्हणणं खरं केलं होतं. डॉक्टरांनी तिच्या हातून पेन्सिल घेतली, गणित पहिल्यापासून केलं, खोडलं, पुन्हा केलं. मग उठले आणि नियंत्रण कक्षात जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्रावरची मिनिटं कमी केली.

"पार्वतीबाईंना सांगा, बिछाना बांधू नका म्हणावं."

थोड्या विश्रांतीनंतर कोंडिबाचे किरण पुन्हा सुरू झाले. या खेपेला ते शेवटापर्यंत गेले. अखेरच्या दिवशी वरणात मीठ कमी आहे म्हणून तो बायकोवर असा खेकसला, की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. पार्वतीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्याच दुपारी डॉक्टरांनी शालनला बोलावलं. ती गेली तेव्हा ते ट्रंककॉलवर दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाशी बोलत होते.

"हाँ, आपने हमारे ही आँकड़े लिए थे। उनमें गलती है। गलती मेरी थी।"

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि स्वतःच्या खुर्चीतून उठले.

"बसा, शालनबाई. सावकाश सांगा. ते लिहून घेताहेत."

शालन क्षणभर उभीच राहिली. मग त्या खुर्चीत बसली आणि तिने रिसीव्हर कानाला लावला.

"पहले ये बताइए," ती म्हणाली, "आपका मीटर क्या नापता है?"