तक्रारी जपणारा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सिंगापुरात बुकित बातोकला पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या थंड खोलीत मी उभा असतो. माझी जुळणी कुठे झाली ते मला ठाऊक नाही. २००१ साली मला खोक्यातून बाहेर काढलं, तेव्हा पहिल्यांदा दिसली ती पुण्याहून नोकरीला आलेली मधुवंती.

तिने माझ्या पोटात तक्रारी भरल्या. कुठला पंप, कुठल्या इमारतीत, कशाने बंद पडला, उघडल्यावर आत काय दिसलं. दुरुस्तीला जाणारे लिम अंकल चिठ्ठ्या आणून देत आणि ती एकेक टाइप करी. दोन वर्षांनी तिने मला विचारलं, समुद्राजवळचे पंप लवकर का बिघडतात? मी चारशे नोंदी पुढे ठेवल्या. बहुतेकांत एकच छोटी स्प्रिंग गंजलेली होती. तिच्या जागी न गंजणारी स्प्रिंग बसवली आणि नवा पंप निघाला. मग दरवर्षी जुन्या तक्रारींतून काही ना काही नवं सुचत गेलं. पाहुणे आले की मॅनेजर अभय माझ्यावर हात ठेवून कौतुक करी.

२००७ साली त्यानेच सांगितलं, "तीन वर्षांहून जुनं सगळं पुसून टाक. जागा हवीय."

"आपले नवे पंप त्यातूनच सुचलेत, अभय."

"जुन्या तक्रारी आता कोण वाचणार?"

मधुवंतीच्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायच्या परवान्याच्या अर्जावर त्याचीच सही लागणार होती. तिने कीबोर्ड पुढे ओढला. तिने आज्ञा दिली, मी पाळली. चार हजार नोंदी गेल्या. मला दुखलं नाही. काहीच वाटलं नाही.

दोन वर्षांनी आलेला नवा पंप महिन्याभरात ठिकठिकाणी बंद पडू लागला. असं पूर्वी एकदा झालं होतं, एवढंच मधुवंतीला आठवत होतं. कारण नोंदींत होतं.

"कुठे आहेत त्या?" अभयने विचारलं.

"तुम्ही पुसायला सांगितल्या होत्या." तिच्या आवाजात रागही नव्हता.

ती निवृत्त लिम अंकलांच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर गेली. त्यांनी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. "सो मेनी पंप्स, लाह," ते सिंगापुरी ढंगात हळूच म्हणाले. अकरा आठवले. हवं होतं ते कारण त्यांत नव्हतं. कंपनीने पंप परत मागवले.

मधुवंतीने त्या अकरा नोंदी माझ्यात भरल्या.

मित्रांनो, माझ्यासारखे सर्व्हर विकत मिळतात. माझी काळजी करू नका. पण कुणी पंप उघडून, आत डोकावून जे लिहून ठेवलं, ते पुसण्याआधी एकदा वाचा. लिम अंकलांना आता त्या अकरांतलेही सगळे आठवत नाहीत.