दाराबाहेरचे बावीस

तहमीना शेखला झॉम्बीचं नाटक लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं आयुष्यात एकही झॉम्बी बघितलेला नव्हता. पडद्यावरसुद्धा नाही. घरात कुणी भुताखेताचा सिनेमा लावला की ती उठून भाजी निवडायला बसायची.

रांजणगावच्या एमआयडीसीत सायलेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती आणि कारेगावात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. गेल्या वर्षी सुरक्षा सप्ताहात तिनं हेल्मेटवर दहा मिनिटांचं एक छोटं नाटुकलं लिहिलं होतं. ते लोकांना इतकं आवडलं की कंपनीत तिला सगळे लेखिकाच म्हणू लागले. त्यामुळे यंदाच्या स्नेहसंमेलनात क्वालिटी आणि प्रेसशॉप मिळून एकांकिका करणार असं ठरलं, तेव्हा लिहायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. विषय मात्र आधीच ठरला होता. प्रेसशॉपचा सुपरवायझर विश्वजीत यानं तो ठरवला होता.

विश्वजीत वडगाव रासाईचा. उंचापुरा, आवाज खणखणीत, गावच्या नाटकात दोनदा काम केलेला.

"बावीस पोरांनी नावं दिलीत मॅडम," तो म्हणाला. "बावीस जणांना काम कुठून द्यायचं? झॉम्बी बेस्ट. पाठांतर न्हाई, काय न्हाई. हात वर करायचे आन् चालायचं. मी कोयता घेऊन त्यांच्यात घुसणार."

"पण झॉम्बीला हवं काय असतं?" तहमीनानं विचारलं.

"चावायचं असतं."

"भूक लागते म्हणून?"

"भूक कसली? मेलेला असतो तो."

"मग चावतो कशाला?"

विश्वजीतनं डोकं खाजवलं. "तसंच असतं ते," तो म्हणाला, आणि लाईनवर कुणीतरी हाक मारली म्हणून सुटल्यासारखा निघून गेला.

तहमीनाला मात्र आता चैन पडेना. चहाच्या सुट्टीत तिनं पोरांना एकेक करून विचारलं, तुम्ही बघितलेल्या झॉम्बीच्या गोष्टी सांगा. पोरं खुलली. एकानं दोन भावांची गोष्ट सांगितली. एकच मोटारसायकल आणि दोघांची बायकापोरं. एकानं अशा बाईची सांगितली, जिनं नवऱ्याला चावा बसलेला लपवून ठेवला आणि त्याला रोज फुल बाह्यांचा शर्ट घालायला लावला. तहमीना वहीत लिहून घेत होती. शेवटी तिनं पानं चाळली तर काय, सहा गोष्टींत झॉम्बीबद्दल एकच शब्द होता. 'आले.' बाकी सगळी माणसंच.

तिनं विश्वजीतला गाठलं. "विश्वजीतदादा, झॉम्बी नसले तरी चालतील."

"म्हंजी? लग्नात नवरदेव नसला तरी चालंल म्हणा की!"

"नवरदेव आला नाही तर लग्नाची गोष्ट जास्त रंगते, दादा."

तो हसला, पण ऐकेना. बावीस पोरांना नाही कोण सांगणार? ते तहमीनालाही पटत होतं. पण आपलं म्हणणं सोडवतही नव्हतं.

त्याच रविवारी ती घरी खुटबावला गेली. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून, स्कुटीवर. तिचे अब्बा अल्लाबक्ष विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचे. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. पंचक्रोशीत नाव होतं. ती पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि आई सुलतानबी शेळ्या आत बांधत होती.

"आत्तापासून?"

"बिबट्या हाय ना," सुलतानबी म्हणाली. "महिना झाला."

"कुणी बघितला?"

"कुणीच न्हाई. हौसरावाच्या उसात पाय उमटलेत म्हणत्यात."

तहमीना ओट्यावर बसली आणि बघत राहिली. साडेपाचला चुली पेटल्या. पूर्वी आई सातशिवाय पिठाला हात लावत नसे. शेजारची पोरं ट्यूशनहून आली ती पाच-सहा जण घोळका करून, मोठ्यानं पाढे म्हणत. बाहेर टाकलेल्या बाजा आत गेल्या होत्या. अब्बा मोटारीचं काम अर्धवट टाकून हात धूत होते.

सहाच्या सुमाराला उसाच्या पलीकडून हाक आली. "अल्लाबक्ष! आला का रं घरी?"

"आलो, आलो! तू?"

"हाय हितंच!"

तहमीना चकित झाली. "अब्बा, हौसराव? तुम्ही बोलता?"

बांधाच्या भांडणावरून अल्लाबक्ष आणि हौसराव अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. अकरा वर्षांत हौसरावची मोटार तीनदा जळाली आणि तिन्ही वेळा तो ती दौंडला घेऊन गेला, पण हाकेच्या अंतरावरच्या माणसाकडे आला नाही.

"बोलत कसलं," अब्बा टॉवेलला हात पुसत म्हणाले. "निस्ती हाक मारतो. मी बी देतो. उद्या एकाची हाक आली न्हाई तर दुसऱ्याला कळाया पायजे का न्हाई?"

जेवताना तहमीनाच्या डोक्यात तेच घोळत होतं. बिबट्या कुणाला दिसलेला नव्हता. कदाचित तो महिन्यापूर्वीच पुढं निघून गेला असेल. तरी त्यानं अख्ख्या गावाचं घड्याळ दीड तास अलीकडे सरकवलं होतं आणि हौसरावचं तोंड उघडलं होतं. उद्या तो पिंजऱ्यात सापडला तर लोक फोटो काढतील, आणि गोष्ट तिथंच संपेल.

कारेगावला परतल्यावर तिनं दोन दिवसांत एकांकिका लिहून काढली. नदीकाठचं एक गाव. रोग आला आहे. ज्याला लागतो तो नाव विसरतो आणि चालत सुटतो. एका घरात आई आणि मुलगी. कोयता घेऊन एक शेजारी त्यांच्या सोबतीला आला आहे. मुलगा बाहेर राहिला आहे. दार वाजतं. तोच आहे का? असला तर तो अजून तोच आहे का? सगळं नाटक दाराच्या आतल्या बाजूला. बाहेरचे फक्त ऐकू येतात.

विश्वजीतनं वाचलं, शेजाऱ्याची भूमिका आपली हे लगेच ओळखलं आणि कागद खाली ठेवला. "झ्याक लिवलंय. पण पोरं काय निस्तं दार बडवणार?"

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तडजोड झाली. चौदा मिनिटं दार बंद. शेवटच्या मिनिटाला बावीस जण दार फोडून आत घुसणार, विश्वजीत कोयता उगारणार आणि दिवे जाणार. तहमीनाला हा शेवट आवडला नव्हता, पण तिनं मान्य केला.

मुलीचं काम स्टोअर्समधल्या अपेक्षानं घेतलं. आईचं काम करायला कुणी तयार होईना, तेव्हा कँटीनमध्ये चपात्या लाटणाऱ्या सरूबाईंना विचारलं.

"झोंबी? म्हंजी कुस्ती हाय व्हय?" सरूबाई म्हणाल्या.

"कुस्ती नाही मावशी, झॉम्बी. मेलेली माणसं चालत येतात."

"आगं बया. आन् मी काय करायचं?"

"तुम्ही दार उघडायचं नाही."

"येवढंच? जमंल की."

तालमी कँटीनमध्येच झाल्या, जनरल शिफ्ट सुटल्यावर. सरूबाईंचं पाठांतर उत्तम होतं. फक्त दार वाजलं की दर वेळी त्यांचा हात आपोआप कडीकडे जायचा आणि तहमीनाला ओरडावं लागायचं, "मावशी, नाही!" तालमीत बाहेरचे बावीस कधी पुरे आलेच नाहीत. कुणाची शिफ्ट, कुणाचा ओव्हरटाईम. विश्वजीत एकटाच टेबल बडवायचा.

स्नेहसंमेलन रविवारी होतं. सकाळी अकराला लाईन बंद, डिस्पॅचच्या शेडमध्ये मंडप, हजारभर माणसं बायकापोरांसह. एचआरच्या राजश्री मॅडम हातात घड्याळ घेऊन बसलेल्या. विभागांची स्पर्धा होती, पंधरा मिनिटं झाली की घंटा. मेंटेनन्सवाल्यांनी प्लायवूडचं दार केलं होतं, खरोखरच्या कडीचं. बावीस पोरं तोंडाला कँटीनची पिठी आणि डोळ्यांखाली काजळ फासून विंगेत उभी होती.

पहिली दहा मिनिटं नाटक असं चाललं की विंगेत उभी असलेली तहमीना हातातली संहिता बघायची विसरली. लोक गप्प होते. आणि मग दार वाजलं. पहिल्यांदाच बावीस जणांनी मिळून वाजवलं. नुसता धडधडाट नव्हता. कुणी थापा मारत होतं, कुणी नखं ओढत होतं, कुणी हळूच बोटाच्या पेरानं टकटक करत होतं. पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "उघडू नका मावशी!"

सरूबाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांचं वाक्य होतं, 'हा माझा न्हाई.' ते त्या बोलल्या नाहीत. अपेक्षानं दोनदा हळूच आठवण करून दिली. सरूबाईंनी पदर खोचला, कडी काढली आणि दार उघडलं.

समोर प्रेसशॉपचा रोहन, हात वर करून, तोंड वासून. दार फोडायला मागं सरकलेला तो तसाच थांबला. आता फोडायचं काय?

सरूबाईंनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "आरं, तू रोहन न्हवं? तिसऱ्या शिफ्टचा. तुला चपाती कडक लागती."

शेडमध्ये हशा फुटला. विश्वजीत कोयता उगारून तसाच उभा. सरूबाई पुढच्याकडे वळल्या. "आन् ह्यो आमटीत वरनं मीठ मागतो. ह्यो ताट परत देताना पुसून देतो, आई शिकवून गेली आसंल. ह्यो मंगळवारी जेवत न्हाई."

लोक हसत होते. पाचवा, सहावा, सातवा. मग हळूहळू हसणं विरत गेलं, कारण सरूबाई हसवत नव्हत्या. त्या खरोखर एकेकाला बघत होत्या. बाराव्या-तेराव्या पोरापाशी त्या अडखळल्या.

"ह्याचं मला नाव ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं वाढती मी ह्याला. तोंड वर करून कवा बघत न्हाई. नाव काय रं तुझं?"

झॉम्बीला बोलता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगा हात वर करून तसाच उभा होता, पिठीतून घामाचे ओघळ येत होते. हजार माणसं वाट बघत होती.

"दिलखुश, मौसी," तो म्हणाला.

"दिलखुश," सरूबाई म्हणाल्या, आणि राजश्री मॅडमनी घंटा वाजवली.

बक्षीस मिळालं नाही. शिरूरहून आलेले परीक्षक, एक निवृत्त प्राध्यापक, म्हणाले की भयनाट्यात शेवटी भय उरायला हवं होतं. पहिला नंबर पेंटशॉपच्या पोवाड्याला गेला. विश्वजीत कोयता घेऊन गाडीवर बसून निघून गेला.

तहमीना कँटीनमध्ये गेली. सरूबाई संध्याकाळच्या जेवणाची कणीक मळत होत्या, चेहऱ्यावर रंग तसाच.

"मावशी, दार का उघडलं?"

"रागावलीस व्हय पोरी?"

"नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय."

सरूबाईंनी कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "तालमीत निस्ता विश्वजीत बडवायचा. आज लई जण व्हते. मला भ्या वाटलं बघ, खरंखुरं. येक जण त्यात हळूच वाजवत व्हता. वाटलं, ह्यो कोण? भ्या वाटलं म्हणूनच उघडलं. कोण हाय ते बघितल्याबिगर माणसानं ऱ्हायचं कसं?"

तहमीना तिथंच पिठाच्या डब्यावर बसली. भीती दार बंद ठेवते असं धरून तिनं सगळं लिहिलं होतं. तीच भीती दार उघडायलाही लावते, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि दार उघडल्यावर बाहेरच्यांना कोपऱ्यात ठेवता येईना. सरूबाईंनी एका ओळीत उभं करून त्यांनाच नाटक देऊन टाकलं होतं. मग झॉम्बी लागतात की नाही? तिला आता ठाम सांगता आलं नसतं. पण ते 'आले' एवढ्यावर भागणार नाही, एवढं तिला कळलं.

तीन दिवसांनी विश्वजीत क्वालिटीच्या टेबलापाशी आला. त्याचे चुलते बापूसाहेब वडगाव रासाईत सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी कुणाच्या तरी फोनवर नाटक बघितलं होतं.

"गावात करा म्हणतात. पण शेवट लिवून आणा म्हणाले, घंटेवर संपवू नका."

"तुमची मारामारी घालू परत?" तहमीनानं जरा भीत विचारलं.

"नको." तो टेबलावरचा मोजमापाचा गेज उगाच फिरवत राहिला. "मला त्या बावीसमध्ये घ्या. शेजाऱ्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

"का हो?"

"मी सगळ्यांच्या पुढं उभा व्हतो मॅडम. हातात कोयता. मावशीनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. सात वर्सं झाली, मी तिच्या हातचं जेवतोय. ती माझ्याबद्दल काय म्हणंल, ते मला ऐकायचंय."

त्या दुपारी चहाच्या सुट्टीत तहमीना दिलखुशला शोधत गेली. तो शेडच्या मागं सावलीत एकटाच बसला होता. ती वही उघडून त्याच्या शेजारी बसली.

"तू दाराच्या बाहेर होतास," ती म्हणाली. "आतलं काही दिसत नव्हतं. तुला काय ऐकू येत होतं?"

दिलखुशनं आधी मान खाली घातली. मग थोडा विचार करून वर बघितलं.

"मौसी की चूड़ी," तो म्हणाला. "कुंडी के पास आती थी, फिर पीछे जाती थी. मेरे को लगा, खोलेगी कि नहीं?"

तहमीनानं लिहून घेतलं, 'कडीपाशी येणारी-जाणारी बांगडी', आणि विचारलं, "मग? तुला काय वाटत होतं?"

आणि तो सांगू लागला.