पायरीवरची नंदी

"आधी आधार कार्ड दाखवा," वनिता म्हणाली. "मग पोरांकडं बघा."

आंबवड्याच्या अंगणवाडीसमोर, चिंचेखाली लाकडी स्टँड मांडून बसलेल्या बाईंनी मुकाट्याने पर्समधून कार्ड काढलं. सुलक्षणा असं नाव, पुण्याचा पत्ता. वनिताने कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा दोनदा ताडून पाहिला, मग स्कूटीचा नंबर पेनने तळहातावर लिहून घेतला. बाईंना मुलांची चित्रं काढायची होती. सेविकाबाईंनी त्यांना परवानगी दिली होती, सरपंचांचीही हरकत नव्हती. पण सेविकाबाईंचा निम्मा वेळ भोरला मीटिंगांत जायचा, आणि पोरं असायची मदतनिसाच्या, म्हणजे वनिताच्या जिवावर. बावीस वर्षं ती घरोघर फिरून पोरं गोळा करत होती, खिचडी शिजवत होती, नाकं पुसत होती.

तिच्या संशयाला कारण होतं. मागे एकदा असेच कुणी संस्थेचे लोक येऊन पोरांचे फोटो काढून गेले होते. पुढे तालुक्याच्या बाजारात तिला एका फलकावर तिच्याच अंगणवाडीतलं पोर दिसलं. हातात रिकामी ताटली, आणि खाली मदतीचं आवाहन. फोटो काढला त्या दिवशी त्या पोराने दोनदा खिचडी मागून खाल्ली होती. ताटली रिकामी होती ती म्हणून.

तेव्हा वनिताने बाईंना बजावलं, मोबाईल बाहेर काढायचा नाही, पोरांना चॉकलेटं द्यायची नाहीत. बाईंनी दोन्ही पाळलं. रोज अकराला यायच्या, बसायच्या, रंगवायच्या, दोनला जायच्या. तरी आठवड्याभरात वनिताला एक गोष्ट खटकलीच. वीस पोरांतून बाई पुन्हा पुन्हा एकच पोर काढत होत्या. राजनंदिनी. वनिताची स्वतःची नात.

हीच का, असं तिने विचारलं. बाकीची पळत असतात, ही थोडा वेळ एका जागी बसते, असं बाई म्हणाल्या. वनिताला ते खरं वाटलं नाही. नंदी आणि एका जागी?

बाईंनी मग पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधले काही चित्रकार खोलीबाहेर पडून उजेडात बसून चित्रं काढायला लागले, त्यांची चित्रं त्यात होती. हात पदराला पुसून वनिता पानं उलटू लागली. जवळून नुसते रंगाचे फराटे, पुस्तक लांब धरलं की पोर दिसायचं. एक मुलगी कंटाळून खुर्चीत आडवीतिडवी पसरलेली, दोघी वाळूत खेळण्यात गुंग. कुणीच नटूनथटून उभं नव्हतं. ही बहुतेक आपापल्या घरातलीच पोरं, बाईंनी सांगितलं.

एका चित्रात एक बाई झाडीत बसून बाळाला पाजत होती.

"ही आई व्हय?"

"नाही, दाई. बाळाची आई म्हणजे हे चित्र काढणारी बाई."

वनिता त्या पानावर थांबली. "म्हंजी दूध एकीचं, लेक दुसरीची," ती म्हणाली, आणि तिने पुस्तक मिटलं.

नंदीला वाढवणारीही आई नव्हे, वनिताच होती. जावई, संघपाल, हायवेवर किकवीजवळ टेम्पोच्या अपघातात गेला. मुलगी माया पंचविशीतली. दोन वर्षांपूर्वी वनितानेच पुढाकार घेऊन तिचं दुसरं लग्न फलटणला लावून दिलं. त्या घराने मायाला घेतलं, पोरीला नाही. माया दुपारी एकच्या एसटीने गेली. जाताना नंदीला म्हणाली, संध्याकाळी येते. तीन वर्षांची पोर दोन दिवस रडली आणि मग तिने आईचं नाव काढणंच सोडलं. पोर रमली, असं सगळे म्हणाले. वनिताही म्हणाली.

चित्र पुरं झालं तेव्हा बाईंनी ते आधी वनितालाच दाखवलं. अंगणवाडीची पायरी, तिच्यावर पिवळं ऊन, निळ्या फ्रॉकचे दहाबारा फटकारे. दोन्ही हात गुडघ्यांत दाबलेले. चेहरा म्हणजे रंगाचे चार ठिपके, पण मान रस्त्याकडे ताणलेली. बघता बघता वनिताचा आवाज चढला.

"तुमी तिला मुद्दाम अशी काढली. बघणाऱ्याला दया यावी म्हणून. माझी नात अशी न्हाई."

"मी काहीच वाढवलेलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "ती रोज अशीच बसते, मावशी. जेवणं झाल्यावर. तुम्ही मागं भांडी घासायला जाता तेव्हा."

"खोटं हाय."

दुसऱ्या दिवशी खिचडी झाल्यावर वनिताने पातेली उचलली, मागच्या नळावर नेऊन ठेवली आणि तशीच परतून आतल्या दाराआड उभी राहिली. बाईंना खोटं पाडायचं म्हणूनच.

पोरांचा दंगा चालू होता. नंदी त्यात सगळ्यांत पुढे होती. वनिताला बरं वाटलं. मग कुणी न बोलावता नंदी खेळातून उठली, बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि तिने हात गुडघ्यांत घातले. वळणावर एकची एसटी दिसली, थांब्यावर थांबली. दोन माणसं उतरली. गाडी गेली, तसा नंदीने फ्रॉक झटकला आणि ती आत आली. एका पोराच्या पाठीत धपाटा घालून पुन्हा खेळायला लागली.

वनिता मागे गेली. नळ चालू करून नुसतीच उभी राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने भांडी तशीच ठेवली. एक वाजायच्या आत ती बाहेर आली आणि नंदीशेजारी पायरीवर टेकली. चिंचेखाली बाईंचा कुंचला थांबला. नंदीने आजीकडे पाहिलं नाही, काही विचारलंही नाही. रस्त्यावरची नजर न काढता ती जराशी सरकली आणि तिने आजीला जागा करून दिली.