कावळा शिवला नाही, असं ठरलं

परीक्षितच्या पिंडाला कावळा शिवला. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरा. कावळा शिवला नाही, असं आम्ही ठरवलंय.

परीक्षित माझा रूममेट. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्याउभ्या त्याचे कल्ले पांढरे झाले, आणि मग एका मंगळवारी, चालणाऱ्यांचा सिग्नल चालू असताना, एका पिकअप ट्रकने त्याला रांगेतून कायमचं मोकळं केलं. नागपूरहून त्याचे बाबा आले, मोरेश्वर काका. मागच्या वर्षीचा व्हिसा शिल्लक होता; तेव्हा यायला जमलं नव्हतं, आता जमलं. काकूंना प्रवास झेपत नाही. "त्याला घरी घेऊन या," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या.

इथे अस्थी दळून देतात, बारीक राखेसारख्या, प्लास्टिकच्या डब्यात. तो डबा काका बाथरूमलाही सोबत नेत.

आता दहाव्याचा पिंड कुठे ठेवायचा? बाल्कनीत पक्ष्यांना खायला घातलं की अपार्टमेंटवाले नोटीस पाठवतात. मी पब सुचवला. परीक्षित दर गुरुवारी जायचा तो.

"दारूच्या दुकानात दहावा करायचा काय बे, निहार?"

"काका, मागे अंगण आहे, नदी आहे. आणि कावळे."

ते खरं होतं. आमच्या या बॉथेल गावात पार्किंग मिळत नाही, कावळे मिळतात. हिवाळ्यात रोज संध्याकाळी ते हजारोंनी नदीकाठच्या पाणथळीत झोपायला येतात. सगळं आभाळ काळं होतं.

"पण दिवस बुडताना पिंड ठेवत नाहीत."

गुरुजी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होते. "ठेवा," ते म्हणाले, "आमच्याकडे सकाळच आहे."

पबमध्ये बारमागे देव उभा होता. नावच आहे त्याचं. आईवडील सांगलीचे, जन्म इथला. मेडिकल अर्धवट सोडून मागच्या शेडमध्ये बियर बनवतो. तिच्यात गॅस भरत नाही, पिंपातून हातपंपाने ओढून काढतो.

"थ्री पीपल?" त्याने विचारलं. मी, काका आणि ऑफिसातली नेत्रा. काकांनी डब्यासाठी वेगळी खुर्ची ओढली.

"फोर," मी म्हणालो.

अंगणातल्या बाकावर कागदी प्लेटमध्ये भाताचा पिंड ठेवला, शेजारी त्याला आवडणारे वडे. कावळे आले. झाडं वाकली. एकही खाली उतरेना.

"इच्छा राहिली असेल काही," काका म्हणाले. "बोला रे, तुम्ही दोस्त ना त्याचे."

"परीक्षित, तुझा राहिलेला कोड मी पूर्ण करतो," मी म्हणालो. समोरच्या कावळ्याने पाठ फिरवली. त्याने माझा कोड पाहिला असावा.

"तुझी मांजर मी सांभाळीन," नेत्रा म्हणाली. मांजर ऐकून सगळी फांदी रिकामी झाली.

"यार नेत्रा!"

"मग काय प्रॉमिस करू? घुशी?"

फोनवरून गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा, शास्त्रात सोय आहे. काका हलले नाहीत.

देव एक ग्लास घेऊन आला. परीक्षित नेहमी घ्यायचा ती बियर. पिंडाशेजारी ठेवताना काकांचं बोट ग्लासाला लागलं.

"थंड नाही हे."

"इट्स अलाइव्ह, अंकल. पिंपात अजून आंबतेय. फार थंड केली की तिचं बोलणं बंद होतं, असं परीक्षित म्हणायचा."

"म्हणजे ही जिवंत आहे," काका म्हणाले.

जन्मात न प्यायलेल्या काकांनी मग तो ग्लास उचलून एक घोट घेतला.

"कडू आहे." दुसरा घेतला. मग झाडाकडे बघून म्हणाले, "किती वर्षं सांगून राहिलो, घरी ये, घरी ये. दर वेळी म्हणे, पुढच्या वर्षी. यायचंच नव्हतं तर सांगायचं ना बापा. नको येऊ. राह्य इथंच."

एक कावळा उतरला. वडे ओलांडून चालत गेला, पिंडात चोच घातली, आणि उडाला.

नेत्रा रडायला लागली. काकांनी आधी, गुरुजी काही विचारायच्या आत, फोन बंद केला.

"शिवला नाही," ते म्हणाले. "दर्भाचा केला. घरी असंच सांगायचं."

"आणि काकूंनी त्याला घरी न्यायला सांगितलंय ते?" मी विचारलं.

काका डबा घेऊन आत गेले. पबमध्ये लाकडाची शेकोटी आहे. कडेला गार राख साचलेली. देवने काही न विचारता फावडं आणि रिकामा डबा दिला. हीच राख काकू रामटेकच्या अंबाळा तलावात सोडतील, वर फुलं वाहतील. काकांनी रिकाम्या डब्याकडे न बघताच फावडं उलटं केलं, अर्धी राख माझ्या बुटांवर आली. मी ती झटकली नाही. कोणाची नव्हती, तरी.

मग आम्ही नदीवर गेलो. काकांनी परीक्षितचा डबा उघडला, पाण्यात वाकून हळूहळू रिकामा केला. त्यांना मंत्र आठवेना. त्यांनी हात जोडले आणि सरकारी कचेरीत आयुष्यभर जी भाषा वापरली तीच खणखणीत आवाजात सुरू केली:

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार आजपासून नोकरी, पगार, रांगेतला नंबर, कशाचीही मागणी करणार नाही. त्याच्या वास्तव्यास वडिलांची हरकत नाही. आईची आहे, ती कृपया विचारात घेऊ नये. तरी अर्जदारास बॉथेल येथे कायम वास्तव्याची परवानगी मागील तारखेपासून देण्यात यावी, आणि परवानगीपत्र त्याच्या स्वतःच्या हातात द्यावं, ही नम्र विनंती."