काही लागतंय का?

चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. घासून आलेलं प्रत्येक भिंग दिव्यासमोर धरायचं आणि त्यात ओरखडा, बुडबुडा, धुरकट डाग आहे का ते बघायचं, हे तिचं काम. खराब भिंग तिच्या हातून सुटत नसे. नवरा म्हणायचा, बघायच्या कार्यक्रमात हिने नुसती मान खाली घातली होती म्हणून मी पास झालो.

कारखाना वस्तीपासून लांब, कालव्याच्या काठाने जावं लागे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला माणूस बुडेल एवढं गवत, आणि मधे एक बंद पडलेलं पंपघर. सकाळ-दुपार या रस्त्यावर सायकलीच सायकली असत. कुणाची साखळी उतरली, कुणाचं चाक बसलं, की मागून येणारा पाय टेकून विचारायचा, "काही लागतंय का?" तिच्या सासऱ्यांची सगळी नोकरी याच रस्त्यावर सायकल दामटण्यात गेली होती. लोकांच्या साखळ्या बसवता बसवता ते कामावर उशिरा पोचायचे आणि काळ्या हातांनीच साहेबाची बोलणी खायचे.

मग पॅकिंगमधली एक मुलगी घरी पोचली नाही. तिची सायकल पंपघराच्या भिंतीला टेकवलेली सापडली. कुलूप लावलेलं, चाकांत हवा गच्च. मागच्या ट्यूबवर ताजं ठिगळ होतं. ते कुणी लावलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी कालव्यात गळ टाकले, गवत कापलं, सगळ्यांना तेच तेच विचारलं आणि हळूहळू यायचे थांबले. गवत पुन्हा वाढलं.

त्यानंतर रस्त्यावर कुणी कुणासाठी थांबेना. बायका जोडीजोडीने जाऊ लागल्या. घरात नवऱ्याने तिला बजावलं की, कुणी आडवा पडलेला दिसला तरी पाय खाली टेकायचा नाही. सासरे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "उद्या हीच आडवी पडली तर?" नवरा ताट सारून हात धुवायला उठला.

त्या दिवशी तिची जोडीदारीण तापाने घरी होती. कारखाना सुटल्यावर ती एकटीच घरी निघाली. वारा समोरून होता, म्हणून सायकल जड चाललीय असं तिला आधी वाटलं. पंपघर दिसू लागलं तेव्हा मागचं चाक पार बसलं. ती उतरली आणि ढकलत चालू लागली.

घासकाम विभागातला एक जण मागून आला. रोज जेवायच्या सुट्टीत तो तिच्या समोरच्या बाकावर बसे, तिच्या डब्यातलं लोणचं हक्काने उचलत असे. त्याने घंटी वाजवली, पाण्याकडे बघत पुढे गेला. मग पॉलिशमधल्या दोघी आल्या. त्यातली एक पोरगं घरी एकटं आहे असं काहीतरी पुटपुटली, पण पाय थांबले नाहीत. तिला राग आला नाही. तीही गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्याला असंच मागे टाकून आली होती.

रस्ता रिकामा झाला. तेवढ्यात पंपघराकडून एक माणूस सायकलवर आला. स्वच्छ शर्ट, बाह्या दुमडलेल्या, दांडीला हत्यारांची पिशवी. त्याने अदबीने विचारलं, काय झालं ताई, आणि उत्तराची वाट न बघता सायकल तिच्या हातातून घेतली, उलटी केली. हात सराईत होते. मागचं चाक निघालं, टायर सुटलं, ट्यूब बाहेर आली. तिला हायसं वाटलं. सासरे म्हणतात तशी माणसं अजून आहेत तर, असं तिच्या मनात आलं.

"आज जोडीदारीण नाही?" त्याने मान वर न करता विचारलं.

या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं.

पंक्चर शोधायचं तर ट्यूबमध्ये हवा भरतात, ट्यूब पाण्यात बुडवतात, बुडबुडे कुठून येतात ते बघतात. त्याने हवा भरली नाही. पाणीही मागितलं नाही. ट्यूब हातातून थोडी सरकवली आणि अंगठा एका जागी ठेवला. अंगठा बाजूला झाला तेव्हा तिला छेद दिसला. काट्याचा नव्हता. पात्याच्या टोकाने मारलेला, सरळ, तांदळाच्या टोकाएवढा. छेद कुठे आहे हे याला आधीच माहीत होतं. म्हणजे कारखान्याच्या स्टँडवर तिची सायकल उभी असताना यानेच तो मारला होता.

तो म्हणाला, इथे वाऱ्याने ठिगळाचं सोल्युशन नीट बसायचं नाही, आपण पंपघराच्या आडोशाला जाऊ, तुम्ही फक्त चाक धरा. बोलता बोलता त्याने चाक तिच्या हातात दिलं आणि व्हॉल्व्हची टोपी शर्टाच्या खिशात टाकली. ती म्हणाली, इथेच करा. तो हसला. "ताई, भिताय कशाला? मदतच करतोय ना?" त्याने सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. पळावं तर कुठे, पाण्यात की गवतात, हे तिला सुचेना. हातात चाक तसंच होतं.

समोरून बेकरीचा पाववाला आला. सकाळचे पाव कारखान्याच्या उपाहारगृहात टाकून तो दुसऱ्या फेरीला निघाला होता, मागची टोपली भरलेली. बुटका, घामेजलेला माणूस. त्यांना ओलांडून तो थोडा पुढे गेला, आणि मग ब्रेकचा आवाज आला.

"काही लागतंय का?"

"काही नको," तो माणूस म्हणाला. "झालंच आहे."

पाववाल्याने त्याच्याकडे बघितलं नाही. तो तिच्याकडे बघत होता. तिने फक्त मान हलवली, नाही म्हणून, आणि लगेच पुन्हा हलवली, कारण कशाला नाही म्हणतेय हेच तिला कळेना.

पाववाल्याने सायकल स्टँडवर लावली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला. म्हणाला, मला घाई नाही, तुमचं होऊ द्या. त्याने टोपलीतला एक पाव काढून खायला घेतला. एकच घास तो किती वेळ चावत होता, चुरा शर्टावर सांडत होता, पण तो उठला नाही.

त्या माणसाने सायकल खांद्यावरून उतरवली. जागच्या जागी, त्याच वाऱ्यात ठिगळ लावलं, चाक बसवलं, हवा भरली. काम चोख होतं. मग हात रुमालाला पुसून तो म्हणाला, "जपून जा, ताई," आणि पंपघराच्या दिशेने निघून गेला. घाई न करता.

पाववाल्याने उरलेला पाव तसाच टोपलीत टाकला. तुम्ही पुढे व्हा, मी मागे आहे, एवढंच म्हणाला. वस्तीजवळचा पूल येईपर्यंत तो तिच्या मागे आला. तिने विचारलं, तुम्ही थांबलात कसे? तो म्हणाला, "तुमचं चाक तुमच्या हातात होतं आणि सायकल त्याच्या खांद्यावर. रस्ता सोडून कुणी पंक्चर काढायला जातं का?"

दुसऱ्या दिवशी ती नवरा, सासरे आणि पाववाल्याला घेऊन चौकीत गेली. हवालदाराने सगळं ऐकलं. म्हणाला, पंक्चर काढून देणं हा गुन्हा कसा होतो ते मला सांगा. पॅकिंगमधल्या मुलीच्या सायकलीवरच्या ताज्या ठिगळाचं तिने सांगितलं, आपल्या ट्यूबवरच्या छेदाचं सांगितलं. ट्यूब बघू म्हणाला. बघितली. ठिगळाखाली छेद झाकला गेला होता, आणि आता काढलंत तर फाटेल, असं तोच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात कारखान्याने फलक लावला. महिला कामगारांच्या सुरक्षेसाठी सायकल स्टँडवर पूर्णवेळ माणूस नेमला आहे, हवा आणि पंक्चर मोफत. ती स्टँडवर आली तर बाकड्यावर तोच बसला होता. स्वच्छ शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तो तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

ती सायकल घेऊन तशीच आत गेली. पहारेकऱ्याने हटकलं, तरी ऐकलं नाही. आपल्या विभागात, दिव्याच्या टेबलामागे भिंतीला सायकल लावली आणि भिंग तपासायच्या आधी सगळ्यांसमोर जे घडलं ते सांगितलं. लोणच्याचा हक्कदार खाली बघत होता. मॅनेजरने बोलावलं, पुरावा विचारला, बदनामीची ताकीद दिली. तिने ताकीद ऐकून घेतली, सायकल हलवली नाही. दुसऱ्या दिवशी जोडीदारणीची सायकल तिच्या शेजारी आली. मग पॉलिशमधल्या दोघींची. होता होता विभागात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि बाहेर तो माणूस रिकाम्या स्टँडवर पंप पायाशी ठेवून दिवसभर शांत बसू लागला. त्याला त्याचं काहीच वाटत नाहीये, हे बघून तिला घाम फुटायचा.

रस्त्यावर लोक पुन्हा थांबू लागले, पण पूर्वीसारखे नाही. आता कुणाचं चाक बसलं की दोघे-तिघे थांबतात, आणि चाकाकडे बघण्याआधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तीही थांबते. थांबताना तिचा एक पाय पेडलवर असतो.

पॅकिंगमधली मुलगी सापडली नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी बाकडं रिकामं दिसलं. ऑफिसात तिने विचारलं तेव्हा कळलं, त्याला दुसरीकडे काम मिळालं, तसंच, सायकल स्टँडवरचं. जाताना मॅनेजरने त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही दिला होता. कुठे, कोणत्या कारखान्यात, ते तिने विचारलं. कारकून म्हणाला, ते आम्ही सांगू शकत नाही. तिने पुन्हा विचारलं. त्याने कागद खाली ठेवले आणि म्हणाला, बाई, तो गेला ना, आता तुमचं काय अडलंय?

ती विभागात परतली. दिव्यासमोर भिंग धरलं, पण बराच वेळ तिला त्यात काहीच दिसलं नाही. कुठेतरी आणखी एक रस्ता होता, आणि त्यावरून बायका कामावरून घरी यायला निघाल्या असतील.