मस्कतहून आलेली खोडलेली नोंद

मी फीड रीडर बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका, काम अगदी साधं आहे. तुमच्या आवडत्या वेबसाइट्सची यादी माझ्याकडे द्यायची. मग तुम्ही खुशाल स्वयंपाक करा, भांडा, डुलक्या काढा. मी थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकीच्या दारात जाऊन विचारतो, ‘नवीन काही?’ असलं तर उचलून आणतो, न वाचलेल्याचा आकडा ठळक करतो आणि वाट बघत बसतो.

मला कुणी घडवलं ते नीट ठाऊक नाही. २००९ साली पनवेलच्या बाजारामागच्या एका घरात तूबाने मला संगणकावर उतरवून घेतलं, तिथपासूनचं सगळं आठवतं. खाली तिच्या वडिलांचं, फारूकभाईंचं काचसामानाचं दुकान, वर घर. पहिल्याच दिवशी तिने मला आकाशाचे फोटो देणाऱ्या एका साइटवर धाडलं आणि मी शनीची कडी घेऊन परतलो. त्या खोलीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, शनी! मीच थक्क झालो.

पण माणसं शनीपेक्षा अजब निघाली.

तूबाचा भाऊ आदिल मस्कतला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. फोनवर स्वारी ‘सगळं ठीक, तुम्ही बोला’च्या पुढे जात नसे. मात्र त्याचा एक ब्लॉग होता. पक्ष्यांचे फोटो आणि खाली मराठीत चार ओळी. कधी खोलीतल्या उकाड्याबद्दल, कधी पनवेलच्या खाडीबद्दल, कधी नुसतंच ‘आज कुणाशीच बोललो नाही’. घरी त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. तूबाला तो ब्लॉग सापडला आणि तिने तो माझ्या यादीत टाकला, तेव्हा आई हाजराबींनी तिला बजावलं, “त्याला कळता कामा नये हां. अम्मी वाचते म्हटलं की जपून जपून लिहील. मग मला माझा खरा आदिल कुठे भेटणार?”

तेव्हापासून मी हाजराबींचा झालो. डाळीला फोडणी दिली की ओढणीला हात पुसत त्या माझ्यासमोर यायच्या. बगळा असो की रोहित पक्षी, त्या आधी पक्ष्याला सलाम करायच्या आणि मग खालच्या ओळी मोठ्याने वाचायच्या. समुद्रापलीकडच्या मुलाला पत्ता नाही आणि आई रोज त्याच्या मनात जाऊन येते आहे! मी तर फक्त ने-आण करणारा, पण मलाही त्यांच्यासमोर उभं राहताना दडपण यायचं.

एका शुक्रवारी मी नेहमीसारखा गेलो. नवीन नोंद होती. फोटो नव्हता. मी आणून ठेवली.

हाजराबी वाचू लागल्या. ‘ग्राइंडरचा कण डाव्या डोळ्यात गेला. आठवडा झाला. पट्टी काढली तरी अंधारच आहे. घरी सांगायची हिंमत नाही. अम्मी जेवण सोडेल.’

“या अल्ला!” त्यांनी तूबाला हाक मारली.

तूबा धावत आली. तिने लगेच आदिलचा ब्लॉग उघडला. तिथे काहीच नव्हतं. कालच्या फोटोतला खंड्या तेवढा मजेत बसला होता. फारूकभाई दुकानातून वर आले आणि माझ्यावरच घसरले. “या मशीनचा काहीतरी घोळ आहे.”

“घोळ नाही, अब्बा,” तूबा म्हणाली. “त्याने लिहिलं आणि लगेच खोडलं. पण मधल्या वेळात आपल्या रीडरने उचलून आणलं होतं. इथलं त्याला खोडता येत नाही.”

फारूकभाई माझ्यासमोरून बाजूला झाले. मग म्हणाले, “म्हणजे त्याला ते कुणाला दाखवायचं नव्हतं. पोरानं पुसलेलं वाचणं बरं नव्हे, हाजरा.”

“तो तिकडे एकटा अंधारात बसलाय आणि आपण अदब पाळायची?”

“विचारलंस तर त्याला सगळं कळेल. पुन्हा एक अक्षर लिहायचा नाही तो.”

हे हाजराबींनाही कळत होतं. तो ब्लॉग म्हणजे त्यांच्या हातात उरलेला मुलगा होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाईट वाटलं, भीतीही वाटली. मी आणलं नसतं तर? मग त्यांनी फोन उचलला.

“आदिल, डोळा कसा आहे?”

पलीकडून आवाज आला, “कुणी सांगितलं?”

“तूच लिहिलंस. खोडायच्या आधी माझ्याकडे पोचलं.”

“अम्मी... तू वाचतेस? कधीपासून?”

“पहिल्या बगळ्यापासून.”

त्यानंतर दोघंही रडली. हाजराबी एवढंच म्हणाल्या, “ये घरी. डोळ्याचं इथे बघू.”

आदिल आला. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. ब्लॉग मात्र बंदच राहिला. मी त्या दारात जात राहिलो आणि रिकाम्या हाताने परतत राहिलो. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मुलगा समोर बसून जेवत होता, तरी हाजराबी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर यायच्या आणि नवीन काही नाही हे बघून परत जायच्या.

आणि एका सकाळी माझ्याकडे ठळक ‘१’ उमटला. नोंद पलीकडच्या खोलीतून आली होती. खिडकीतून काढलेला, थोडा हललेला एका घारीचा फोटो. खाली लिहिलं होतं, ‘आज डाव्या डोळ्याला उजेड कळला. मला अजून फार भीती वाटते. अम्मी वाचते आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच खोडत नाही.’

हाजराबींनी ते मोठ्याने वाचलं नाही. शब्दाशब्दाला थांबत, मनातच वाचलं.

आता सगळं फोनवर आलंय. माझ्यासारख्यांना हल्ली कोण विचारतो? आज ना उद्या हा संगणकही भंगारात जाईल, त्याचं मला दुःख नाही. फक्त एक विनंती आहे. मला बंद करण्याआधी आदिलची ती घारीची नोंद दुसरीकडे ठेवून घ्या. वाचून झाली की हाजराबी दर वेळी ती ‘न वाचलेली’ करून ठेवतात. त्यांना ती उद्याही वाचायची असते.