श्रीपतच्या घरातली घंटी

श्रीपत गेला त्याला आज चौदा दिवस झाले, आणि चौदा दिवसांत एकालाही मला धड उठवून बसवता आलेलं नाही. मयताला मुंबईहून आलेल्या तरण्याताठ्या पोरांनी प्रयत्न केला. एकाने बगलेत हात घातला, दुसऱ्याने पाय धरले, तिसरा "काकांना लागेल, काकांना लागेल" म्हणत नुसताच उभा राहिला, आणि मी अर्धा खाटेवर, अर्धा खाली. शेवटी माझ्या बायकोने, येसूने, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. श्रीपत एकटा होता. साठीला टेकलेला, अंगाने किरकोळ. माझ्या गुडघ्याला गुडघा लावायचा, पाठीमागे हात घालायचा, "चला कंडक्टर" म्हणायचा, की मी भिंतीला टेकून बसलेला.

मी गोमाजी. महाड डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. आंबेनळी घाटाच्या वळणावळणाला उभ्याने तिकिटं फाडली, कधी तोल गेला नाही. रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी घरच्या पडवीत, सपाट जमिनीवर गेला. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. मी बोलतो, पण तोंडातून जे निघतं ते दोनच माणसांना कळायचं, येसूला आणि श्रीपतला. आता एकीलाच.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. घरं सव्वीस, त्यातली उघडी सात. बाकीच्या घरांच्या किल्ल्या श्रीपतच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या. गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी तो एकेक घर उघडायचा, झाडून काढायचा, कौल सरकलं असेल तर चढून सारखं करायचा, बटणं दाबून दिवे बघायचा. मुंबईकर येऊन पंख्याखाली ऐसपैस बसायचे आणि म्हणायचे, गाव कसं अजून जसंच्या तसं आहे! मला हसू यायचं. बाबांनो, पक्कड घेऊन एक माणूस मागे फिरतोय म्हणून तुमचं गाव जसंच्या तसं आहे. पण श्रीपतला त्याचं काही नव्हतं. महाडला एमआयडीसीत तो फिटर होता. नोकरी सुटली तरी हातांची खाज गेली नाही, एवढंच तो म्हणायचा.

घंटी त्यानेच बसवली. मी अंथरुणाला खिळल्यावर दुसऱ्याच आठवड्यात महाडला गेला आणि भंगारवाल्याकडून एक पितळी घंटी घेऊन आला. जुन्या एसटीत असायची तसली. ती त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात टांगली. तिची दोरी त्याच्या खिडकीतून बाहेर काढून, दोन घरांमधल्या अंगणावरून, आकड्यांमधून ओवत माझ्या खिडकीतून आत आणली आणि माझ्या डाव्या हाताशी सोडली.

"गोमादा, नियम तुमचाच, एसटीतला," तो म्हणाला. "एकदा वाजली की मी येनार. दोनदा वाजली की समजनार, काय काम नाय, सगळं बरोबर हाय."

मोबाईल आहे घरात. पण न बोलणाऱ्याच्या हातात फोन म्हणजे काय, आणि रेंज तर देवळाच्या पायरीवर गेल्याशिवाय मिळत नाही. घंटीला रेंज लागत नव्हती.

पहिले काही दिवस मी शहाण्यासारखा वागलो. कूस बदलायची असेल, लघवीला लागली असेल आणि येसू पाण्याला गेली असेल, तरच दोरी ओढायचो. श्रीपत हातातलं टाकून यायचा, अंगणातूनच ओरडत, "आलो, आलो." मग मला त्याची चटक लागली. नाकावर माशी बसली, वाजव घंटी. उन्हाची तिरीप डोळ्यावर आली, वाजव. नुसतं विचारायचं असेल की आज घाट चालू आहे का बंद, तरी वाजव. एकदा तर तो खरंच येतो का हे बघायलाच वाजवली. तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आला. मी काही नाही म्हटलं तर खाटेच्या कडेला बसून उरलेली दाढी त्याने माझ्या आरशात केली. चिडला नाही. मीच त्याच्या जागी असतो तर दोरी कापून टाकली असती. कधीमधी तोच मजेत तिकडून दोरी हिसकायचा. माझ्या मुठीला झटका बसायचा, आणि मागोमाग त्याचं हसणं ऐकू यायचं. संध्याकाळी जेवण झालं की मी दोनदा वाजवायचो. मग तो त्याच्या घरचा दिवा घालवायचा.

वाडीतल्या बाया हसायच्या. "गोमादाची घंटी झाली, आता नऊ वाजले आसतील," असं म्हणायच्या. मला त्याचं कौतुकच वाटायचं, इतका मी मूर्ख.

त्या दिवशी बुधवार होता. येसू माझ्या गोळ्या आणायला पोलादपूरला गेली होती, फोन घेऊन. श्रीपतची बायको मैना खाली वालाच्या शेतात होती. सकाळचे अकरा वाजले असतील. अंगणात श्रीपत लाकडाचं एक बुटकं फाटक ठोकत होता. होळीला मुलगा सुशांत पोरीला घेऊन येणार होता. पोरगी नुकती चालायला लागली होती, आणि ती पडवीच्या पायऱ्यांवरून गडगडू नये याची काळजी आजोबांना महिनाभर आधीपासून. फाटकाला उंची किती हवी यावर आदल्या दिवशी आमचा वादही झाला होता.

त्याच फाटकाशेजारी तो पडला. माणसं येऊन त्याला उचलून नेईपर्यंत फार उशीर झाला होता. पोलादपूरला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून घरात जो येतो तो एकच शब्द बोलतो, देवमाणूस. या शब्दाचा मला वीट आला आहे. देवमाणूस म्हणायचं, उसासा टाकायचा, आणि दोन मिनिटांनी विचारायचं, "आता पंपाचं कोण बघणार?" तेही खोटं नाही. तिसऱ्याच दिवशी वरचा पंप बंद पडला. सात घरांतली माणसं त्याच्याभोवती उभी राहिली आणि परत आली. त्याने आम्हाला काही शिकू दिलं नाही. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलो आहे. खाटेवर पडून दुसरं काय करू?

त्याच तिसऱ्या दिवशी ठकूबाई येऊन बसली. आमच्या वरच्या अंगाला तिचं घर. येसूला सांगू लागली, "मी माळावर सरपान गोळा करीत व्हते गो. घंटी ऐकली मी. दोन-तीनदा ऐकली. म्हटलं, गोमादाची रोजचीच हाय. मंग बंद झाली, म्हटलं श्रीपत पोचला आसंल."

तिच्या मनात काहीच नव्हतं. बोलली, चहा प्याली, गेली. मी भिंतीकडे तोंड केलं. तोंड मात्र मला अजून वळवता येतं.

मैना रोज दिवेलागणीला यायची आणि उंबऱ्यात बसायची. आत यायची नाही, सुतक म्हणून. रोज तेच विचारायची.

"दादा, तुमची खिडकी आमच्या अंगनावरच हाय. तुमी बघितलंत का?"

मी मान हलवायचो. नाही. झोपलो होतो, असं येसूने माझ्या वतीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं होतं.

"मला हाक मारली आसंल त्यांनी," ती म्हणायची. "मी वालात वाकलेली. मला ऐकू आलं नाय. हाका मारून मारून गेले आसतील."

हे ती येसूला सांगायची, ठकूबाईला सांगायची, फोनवर लेकीला सांगायची. जेवता जेवता हात थांबायचा आणि म्हणायची, हाका मारल्या असतील. तेराव्याला सगळा गाव पंगतीत बसला होता तेव्हाही एका कोपऱ्यात ती तेच म्हणत होती. आणि मी, ज्याला ठाऊक होतं की त्याने एकही हाक मारली नाही, तो खाटेवर पडून बासुंदी चाखत होतो. येसू चमच्याने भरवत होती. मी गिळत होतो.

सुशांतने ठरवलं की आईला नालासोपाऱ्याला न्यायचं. बरोबरच आहे त्याचं. गाडी आज सकाळी दहाला सांगितली होती. काल संध्याकाळी तो दोरी काढायला आला, म्हणाला, काका, आता हिचा काय उपयोग. मैना उंबऱ्यातून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे. त्यांनी बांधलीय."

मग तिने शेवटचं विचारलं. "दादा, खरंच नाय बघितलंत?"

आता नाही तर कधीच नाही, हे मलाही कळत होतं. ती मुंबईला जाणार, तिथे दुसऱ्या मजल्यावर बसून उरलेलं सगळं आयुष्य त्या हाका ऐकत राहणार. सांगितलं तर माझी अब्रू जाईल. जाऊ दे. माझ्याकडे अशी किती उरली होती?

मी बोलायला लागलो. येसू जवळ सरकली. माझ्या तोंडातून जे निघत होतं ते ती मोठ्याने सांगू लागली.

"हे म्हनतात, मी जागा व्हतो," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे बोललो. "मी बघितलं. श्रीपतनं छातीवर हात ठेवला नि खाली बसला. मंग आडवा झाला. हाक मारली नाय. कुनालाच नाय."

मैनाने खांबाला धरलं.

"मी वरडलो. माझं वरडनं कुनाला कळनार? मंग मी घंटी वाजवली." येसूचा आवाज बारीक झाला होता. "कुनीतरी येईल म्हनून वाजवली. एकदा. घंटी तुमच्याच घरात वाजली. तुमच्या घरात कुनी नव्हता. ऐकनारा तोच एक."

इथे मी थांबलो. येसू म्हणाली, "बोला." मला ती कधी बोला म्हणत नाही, गप बसा म्हणते.

"घंटी ऐकून त्यानं डोकं वर केलं. कोपरावर उठला. माझ्या खिडकीकं बघितलं. तोंड हाललं त्याचं. आलो म्हनत व्हता. नि पडला. मी परत वाजवली. तो परत उठला. मी परत वाजवली." येसू रडायला लागली, पण सांगत राहिली. "तीनदा उठला तो. मला कळंच ना. मंग कळलं. त्याला वाटत व्हतं, मलाच काय झालंय. माझ्याकं यायला उठत व्हता."

अंगणात सुशांत बॅगा बांधत होता. तो हात थांबवून उभा राहिला. माझं एक वाक्य राहिलं होतं. मी ते बोललो आणि येसूने तोंडाला पदर लावला. तिच्याने ते सांगवेना. मी पुन्हा बोललो. ती मान हलवत राहिली.

म्हणून मी डाव्या हाताने दोरी धरली आणि ओढली. शेजारच्या घरात घंटी वाजली. मी पुन्हा ओढली. दोनदा.

मैनाला नियम ठाऊक होता. तिच्याच स्वयंपाकघरात तीन वर्षं वाजत होती ती.

"मंग?" तिने विचारलं. "मंग निजले?"

मी मान हलवली, हो. दोनदा वाजल्यावर त्याने डोकं खाली ठेवलं होतं, हात उशाशी घेऊन, रोज दुपारी पडवीत पडायचा तसं. त्यानंतर मी दोरीला हात लावला नाही. ठकूबाई माळावर होती. वाजवत राहिलो असतो तर कदाचित ती आली असती, कदाचित नसती. आली असती तर कदाचित तो वाचला असता. हे मी मैनाला सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसली. मग उठली आणि घरी गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी गाडी देवळापाशी येऊन थांबली. सुशांत सामान घेऊन खाली गेला. येसूही त्याच्याबरोबर गेली, तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन. खिडकीतून मला दिसत होतं, मैना एकटीच घरात होती. दारं लावत असेल, चूल झाकत असेल. सगळ्या किल्ल्या ती ठकूबाईकडे देणार होती. अंगणात ते फाटक अजून तसंच पडलं होतं, एक फळी ठोकायची राहिलेली.

दोरी माझ्या मुठीत होती. सवयीने मी ती धरूनच असतो.

ती हिसकली गेली. तिकडून. माझ्या मुठीला झटका बसला. मी दुसऱ्या झटक्याची वाट बघितली. श्वास रोखून बघितली. दुसरा आला नाही. दोरी ताणलेलीच राहिली, जशी कुणी तिला धरून उभं असावं.

एकदा म्हणजे ये.

मी डावा पाय खाटेखाली सोडला. उजवा येईना. खाटेच्या कडेला धरून अंग ओढलं, तर उशी पडली आणि मी तिथेच. येसू खाली देवळापाशी, वाडीत दुसरं कुणी जवळ नाही, आणि दोरी ताणलेली.

"आलो," मी ओरडलो. "आलो गो, आलो."

ते तिला कळण्यासारखं निघालं की नाही, मला माहीत नाही.